तारीख नसलेली भीती: हिंगणा एमआयडीसीतलं एक प्रकरण

नोकरी गेल्यावर माणसाचं काय होतं, यावर पुष्कळ बोललं जातं. नोकरी जाईल अशी नुसती कुणकुण लागते तेव्हा काय होतं, याकडे फार कमी लक्ष जातं. बाहेरून पाहिलं तर काहीच बदललेलं नसतं. माणूस कामावर जातो, पगार होतो, हप्ता भरला जातो. त्यामुळे मदत मागायला कोणी येत नाही आणि आलंच तर घरचे म्हणतात, "अजून कुठं काय झालं?" हे प्रकरण त्या 'अजून काही झालं नाही'च्या काळाबद्दल आहे. २०२३ साली नागपुरात, हिंगणा एमआयडीसी आणि जयताळा या पट्ट्यात ते घडलं. आमची छोटी समुपदेशन संस्था त्यात जुलैपासून सामील होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल हे लिहिलं आहे त्यांना गल्लीत सगळे 'भाऊ' म्हणतात, त्यांच्या पत्नीला 'वहिनी'. इथेही तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

भाऊ तेव्हा ४६ वर्षांचे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात १९ वर्षं मशीन शॉपमध्ये कायम कामगार. हातात येणारा पगार साडेसव्वीस हजार, घराच्या कर्जाचा हप्ता ८,६०० रुपये, कर्ज फिटायचं बाकी ६ लाख ४० हजार. घरात म्हातारी आई, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मुलगी, दहावीत मुलगा. वहिनी घरीच ब्लाऊज शिवतात. काटोलकडे वडिलोपार्जित दोन एकर संत्रा आहे, तो धाकटा भाऊ पाहतो.

कारखान्यात कायम कामगार सत्तरच्या आसपास आणि तितकेच, किंबहुना जास्तच, ठेकेदाराचे. फेब्रुवारीत तिसरी पाळी बंद झाली. मार्चमध्ये ठेकेदाराच्या चाळीसेक पोरांना 'उद्यापासून येऊ नका' असं सांगण्यात आलं. त्यानंतर ओव्हरटाइम थांबला. व्यवस्थापनाने या तिन्ही गोष्टींचं कारण कधीच सांगितलं नाही. मग कामगारांनी कारणं स्वतः शोधली. उत्पादनाची एक लाइन पुण्याकडे चालली, मालक कारखाना विकतोय, जागेवर गोदाम होणार, दिवाळीच्या आधी सगळ्यांना काढणार. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवी बातमी यायची आणि संध्याकाळपर्यंत ती गल्लीत पोचायची.

नागपुरात अशी बातमी एकटी येत नाही, तिच्यामागे शहराची आठवण असते. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. भाऊंच्या गल्लीत दोन जुने मिल कामगार राहतात. थकबाकीसाठी किती खेटे घातले, कोणाच्या पोरीचं लग्न मोडलं, कोण दारूत गेलं, हे त्यांच्या तोंडून सगळ्या गल्लीने ऐकलेलं. त्यामुळे 'कारखाना बंद होते म्हणतात' हे वाक्य ऐकताच लोकांच्या डोळ्यापुढे पूर्ण वीस वर्षांचं चित्र उभं राहायचं. खरं तर मिल बुडणं आणि एका कारखान्यातली एक लाइन हलणं यात पुष्कळ फरक आहे, पण तो फरक कोणी मांडून दाखवला नव्हता.

अडचण कशी दिसू लागली

आमच्याकडे आधी वहिनी आल्या. तक्रार नोकरीची नव्हती, खर्‍याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या पुडीची होती. भाऊ आधी दिवसाला एखादी पुडी खायचे. आता सकाळी कामावर जाताना ठेल्यावर थांबून दोन घोटून घेत आणि घरी येईपर्यंत त्या संपलेल्या असत. जेवताना तिखट लागलं की तोंड धरून बसत. "भाकरीचा घास मोठा झाला त तोंडात जात नाई त्यायच्या," वहिनी म्हणाल्या. आमच्या सहकाऱ्याने भाऊंना तोंड उघडून तीन बोटं उभी घालायला सांगितली. दोनच गेली, तीही कशीबशी.

बाकीचं हळूहळू कळत गेलं. रात्री दोनला जाग यायची आणि भाऊ मोबाइल घेऊन बसायचे. बोटाला मशीनवर कापलं होतं, तरी सुट्टी घेतली नाही. सुट्ट्या जास्त झाल्या तर यादीत आपलं नाव वर जाईल, ही धास्ती. चष्म्याचा नंबर वाढलेला, पण खर्च नको. मुलीच्या शेवटच्या सत्राची फी भरायची की नाही, यावरून घरात तीन दिवस अबोला. रविवारचं भजन सुटलं. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते मुलाला घेऊन इतवारीत मारबत पाहायला जात. काळ्या-पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे, त्यामागून येणारे बडगे, म्हणजे तेही पुतळेच, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'चा गजर. बडग्यांवर त्या-त्या वर्षाची दुखणी लिहिलेली असतात आणि महागाई, बेरोजगारी तर ठरलेलीच. सप्टेंबरमध्ये मुलाने विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "तिथं जाऊन तेच वाचाचं काय?"

पहिल्या भेटीत आम्ही शिडीचा प्रश्न विचारला. हॅडली कँट्रिल या अमेरिकन संशोधकाने १९६५ मध्ये मांडलेली ही साधी पद्धत जगभर वापरतात. एक शिडी, सर्वांत खाली शून्य म्हणजे तुमच्या कल्पनेतलं सर्वांत वाईट आयुष्य, सर्वांत वर दहा म्हणजे सर्वांत चांगलं. आज तुम्ही कोणत्या पायरीवर? भाऊंनी तीन सांगितलं. गेल्या दिवाळीला? सात. मग त्यांनी आपणहून जे सांगितलं ते आमच्या नोंदवहीत जसंच्या तसं आहे: "ताई, नोकरी गेली असती त बरं झालं असतं. निदान मालूम त पडलं असतं."

हे वाक्य आम्ही हताशपणा म्हणून बाजूला ठेवलं नाही. बेकारी आणि समाधान यांवरच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. नोकरी टिकेल की नाही याची अनिश्चितता माणसाच्या मनावर आणि शरीरावर जो भार टाकते, तो प्रत्यक्ष बेकारीच्या भाराच्या जवळ जाणारा असतो. नोकरी गेलेल्याला निदान पुढचं काम शोधता येतं, घरच्यांना सांगता येतं, नुकसानभरपाईचा हिशोब करता येतो. वाट पाहणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही, कारण करायला तारीख लागते.

गल्लीची भीती

या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबते.

वहिनींच्या गल्लीत बारा बायकांची बोलीची भिशी आहे. महिन्याला प्रत्येकी दोन हजार, म्हणजे चोवीस हजारांची उचल. ज्या बाईला पैसे आधी हवे असतात ती बोली लावते. जी सर्वांत जास्त रक्कम सोडायला तयार, तिला उचल, आणि सोडलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते. आधीच्या वर्षी हजार-दीड हजार सोडून उचल मिळायची. एप्रिलनंतर बोली वाढू लागली. जूनमध्ये एका बाईने चार हजार सोडले. हातात वीस हजार घेण्यासाठी चार हजार सोडायचे, तेही घरात लग्न नाही, आजारपण नाही. विचारल्यावर ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात भिशी राहीन का नाई, काय भरोसा?"

हिच्या नवऱ्याचा त्या कारखान्याशी काही संबंध नव्हता. त्याचं सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. पण दुकानाचे गिऱ्हाईक कामगार, किराणावाल्याचे गिऱ्हाईक कामगार, वहिनींकडे ब्लाऊज टाकणाऱ्या बायका कामगारांच्याच घरच्या. दिवाळीचे ब्लाऊज यंदा निम्म्यावर येतील असं वहिनींना ऑगस्टमध्येच दिसत होतं. किराणावाल्याने उधारीची वही बंद केली नाही, पण 'महिन्याच्या आत फेडा' असं सांगायला लागला. सत्तर माणसांच्या नोकरीची भीती अशी चार-पाचशे घरांत फिरत होती आणि प्रत्येक घर हात आखडता घेऊन शेजाऱ्याच्या भीतीत भर टाकत होतं.

याच गल्लीत वहिनींचे भाऊजी राहतात, ते सरकारी खात्यात लिपिक. त्यांच्या घरात तोच टीव्ही, तीच गल्ली, त्याच बातम्या. पण त्यांच्या बायकोने त्या भिशीत कधी बोली लावली नाही. तिला उचल शेवटी मिळाली तरी चालत होतं. जर्मनीतल्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं. आसपास बेकारी वाढली की नोकरीत असलेल्यांचंही आयुष्याबद्दलचं समाधान घटतं, पण खासगी नोकरीतल्यांचं जास्त आणि सरकारी नोकरीतल्यांचं कमी. म्हणजे त्रास मुख्यतः 'उद्या माझी पाळी' या विचाराचा आहे. नागपुरातल्या आईबापांनी पोरांना एमपीएससीच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं का बसवून ठेवावं, याचं उत्तर मला त्या भिशीत दिसलं. त्यांना पगाराइतकीच, कदाचित त्याहून जास्त, निर्धास्त झोप हवी असते.

कोणते पर्याय समोर होते

जुलैअखेर भाऊ आणि वहिनी दोघांना एकत्र बसवलं. भाऊंचा आग्रह होता की बायकोला यात ओढू नये. वहिनींचं म्हणणं, "मले सगळं मालूम आहे, फक्त तुमच्या तोंडून नाई." पहिला निर्णय इथे झाला: घरातला हिशोब दोघांनी मिळून करायचा. पुढचं सगळं यावर उभं राहिलं.

मग एक वही घेतली. एका बाजूला 'कळलेलं', दुसऱ्या बाजूला 'ऐकलेलं'. प्रत्येक गोष्टीपुढे कोणी सांगितलं आणि कधी. पहिल्या संध्याकाळी चौदा गोष्टी निघाल्या. 'कळलेलं'च्या खाली तीन आल्या: तिसरी पाळी बंद, ठेकेदाराची पोरं कमी, ओव्हरटाइम बंद. उरलेल्या अकरांपैकी सात एकाच माणसाने ग्रुपवर टाकलेल्या होत्या आणि तो माणूस स्टोअरमध्ये होता, त्याला कार्यालयातलं काही कळायचा मार्ग नव्हता. भाऊ बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले.

त्यानंतर पर्याय.

पहिला, आत्ताच राजीनामा देऊन बुटीबोरीत ठेकेदाराकडे लागायचं. अठरा हजार, बारा तासांची पाळी. भाऊंचा कल इकडे होता, कारण यात वाट पाहणं संपत होतं. पण हिशोब मांडल्यावर चित्र वेगळं दिसलं. ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळतेच, कारण पाच वर्षांची अट पूर्ण झालेली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये, त्याला सव्वीसने भागून पंधराने गुणलं की वर्षाचे १०,५००, आणि १९ वर्षांचे १,९९,५००. मात्र कारखान्याने कमी केलं तर तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम २५-एफप्रमाणे प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार वेगळा मिळत होता. भाऊंच्या बाबतीत तो सुमारे पावणेतीन ते तीन लाख होत होता. घाबरून आधी निघालं तर ही रक्कम सोडावी लागणार होती. भिशीत चार हजार सोडणाऱ्या बाईचा आणि भाऊंचा निर्णय एकाच जातीचा आहे, हे वहिनींच्या लगेच लक्षात आलं.

दुसरा, काटोलला परत जायचं. दोन एकर संत्र्यावर आधीच एक कुटुंब आहे, पाण्याची ओढ आहे, आणि मुलगा दहावीत. हा पर्याय दहा मिनिटांत मिटला.

तिसरा, ई-रिक्षा. ओळखीतल्या दोघांनी कर्जावर घेतल्या होत्या. भाऊंनी त्यांना जाऊन विचारलं. मेट्रोच्या लोकमान्य नगर स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग प्रवाशांपेक्षा लांब झाली आहे, असं दोघांनीही सांगितलं. नवं कर्ज काढून तिथे उभं राहण्यात अर्थ नव्हता.

चौथा, भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी म्हणून मोठी रक्कम आत्ताच काढून ठेवायची. ग्रुपवर हा सल्ला जोरात होता. आम्ही ठाम विरोध केला. नोकरी सुटली तर तेव्हाच्या नियमांप्रमाणे एका महिन्यानंतर ७५ टक्के काढता येत होतेच. कोणी बुडवणार नाही असा तो पैसा होता. शिवाय दहा वर्षांहून जास्त सेवा झालेली असल्यामुळे पेन्शनचा हक्क तयार झालेला होता, तो जपायचा होता.

पाचवा पर्याय कोणी मांडला नव्हता, तो वहिनींनी मांडला. "मालकाले सरळ विचारत काहून नाई तुमी?"

काय केलं

विचारायचं कोणी, हा प्रश्न अवघड निघाला. कारखान्यात युनियनचे दोन गट, आणि दोघांचंही बळ अफवेवर वाढत होतं. एकट्याने विचारलं तर यादीत नाव जायची भीती. भाऊंनी दोन्ही गटांतल्या जुन्या आठ-नऊ माणसांना जयताळ्यात एका घरी बोलावलं. वही दाखवली. त्यातल्या प्रत्येकाने आपली वेगळी यादी केली आणि मग सगळ्यांनी मिळून एका पानाचं पत्र लिहिलं. मागण्या नव्हत्या, घोषणा नव्हत्या. चार प्रश्न होते. कोणती लाइन हलणार आहे का? हलणार असेल तर कोणत्या महिन्यात? किती जागा कमी होणार? ज्येष्ठता यादी कधी लावणार? दोन्ही गटांच्या सह्या घेऊन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र दिलं. तीन आठवडे उत्तर नाही. मग कामगार उपायुक्त कार्यालयाला प्रत दिली.

दरम्यान घरची कामं चालू ठेवली. भाऊंना शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. तिथे तोंड आखडण्याचा आजार खर्‍यामुळेच असल्याचं सांगितलं, गोळ्या आणि तोंडाचे व्यायाम दिले. रक्तदाब वाढलेला निघाला. खर्रा एका दिवसात सुटला नाही, दोन पुड्यांवरून अर्ध्यावर आला. झोपेसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर ते दोनदा बोलले आणि तिथल्या समुपदेशकाने सांगितलेली एक गोष्ट त्यांनी पाळली: रात्री नऊनंतर ग्रुप बघायचा नाही. मुलीची फी भरली. हा निर्णय मुद्दाम आधी घेतला, कारण ती मे महिन्यात पदवीधर होणार होती आणि घरात दुसरा पगार येण्याची सर्वांत जवळची शक्यता तिचीच होती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्यवस्थापनाने प्रतिनिधींना बोलावलं. उत्तर कडू होतं पण स्पष्ट होतं. एक लाइन ३१ डिसेंबरला बंद होणार. बावीस जागा कमी. भाऊंची लाइन तीच. जे आपणहून सही करतील त्यांना प्रत्येक वर्षामागे पंधराऐवजी तीस दिवसांचा पगार.

त्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आम्हाला वाटलं घरात रडारड असेल. "भाऊ जेवले आणि झोपून गेले," त्या म्हणाल्या, "साडेनऊलेच."

सही करावी की नाही

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि सहीची मुदत तिच्या आधीची. सही केली तर सुमारे ५,७०,००० आणि ग्रॅच्युइटी वेगळी. न करता छाटणी होऊ दिली तर निम्मी रक्कम, पण कलम २५-एचचा हक्क शाबूत. कारखान्याने पुन्हा भरती केली तर छाटलेल्या कामगाराला आधी बोलवावं लागतं, असं ते कलम सांगत होतं. भाऊंना हा हक्क सोडवत नव्हता, एकोणीस वर्षांची ती जागा. वकिलाने समजावलं की मशीनच दुसऱ्या शहरात जाणार असेल तर त्या कामासाठी इथे भरती होण्याची शक्यता नगण्य आहे. बावीसपैकी बहुतेकांनी सही केली. भाऊंनी शेवटच्या दिवशी केली.

पैसे आल्यावर दुसरा पेच. हातात ७,६९,५०० आणि कर्ज ६,४०,०००. भाऊंना सगळं कर्ज एकदाच फेडून टाकायचं होतं. डोक्यावरचं ओझं उतरेल, ही भावना अगदी समजण्यासारखी. वहिनींनी अडवलं. "घर आपलं झालं, चांगलं आहे. पण घर चाटून पोट भरते काय?" शेवटी तीन लाख मुद्दलात भरले, हप्ता साडेचार हजारांच्या आसपास आला. दीड लाख वहिनींच्या नावावर मुदत ठेवीत, म्हणजे आवळून चालवलं तर घरखर्चाचे आठ-नऊ महिने. उरलेल्या रकमेचं काय करायचं ते सहा महिने ठरवायचंच नाही, असं ठरलं. त्या सहा महिन्यांत नातलगांनी पोल्ट्री, प्लॉट, भागीदारीतलं हॉटेल असं बरंच सुचवलं आणि प्रत्येकाला तेच उत्तर मिळालं.

परिणाम

जानेवारीत भाऊ घरी होते. सकाळी साडेसहाला तयार होऊन बसायचे. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावी १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी बेकार गावाचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की वेळ मुबलक असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी केलं, पुरुष रस्त्यावरून सावकाश चालू लागले. नोकरी पगारासोबत दिवसाला आकार देते, माणसं देते, आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत ही जाणीव देते, हे याहोदांनी पुढे मांडलं. म्हणून जानेवारीसाठी आम्ही आधीच एक गोष्ट ठरवली होती: भाऊंनी रोज सकाळी तीन तास वस्तीतल्या आयटीआयच्या पोरांना ड्रॉइंग वाचायला आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) धरायला शिकवायचं. पैसे नाहीत. पण साडेसहाला तयार होण्याला कारण मिळालं.

मार्चअखेर त्यांना बुटीबोरीत एका लहान वर्कशॉपमध्ये काम लागलं, एकवीस हजार, आठ तास. पगार साडेपाच हजारांनी घटला, प्रवास वाढला. मुलगी जूनपासून एका लेखापालाकडे जाते.

शिडीवरचे आकडे असे: जुलैत ३, तारीख कळल्यानंतर ऑक्टोबरअखेर ५, जानेवारीत ४, नवं काम लागल्यावर ५, आणि वर्षभरानंतर ६. सात अजून आलेला नाही. नोकरी गेल्याचा ठसा दीर्घकाळ राहतो, पुन्हा काम मिळालं तरी समाधान पूर्ण पहिल्या जागी येत नाही, हे जर्मनीतल्या वर्षानुवर्षांच्या पाहणीवर आधारलेल्या २००४ च्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणून 'नोकरी गेली ते बरंच झालं' असा अर्थ कोणी काढू नये. पण प्रत्यक्ष बेकार असतानाचा आकडा, वाट पाहतानाच्या आकड्यापेक्षा वर होता, हेही खरं.

शेजारच्या मशीनवरचा त्यांचा सोबती दुसऱ्या विभागात घेतला गेला. त्याची नोकरी टिकली, पगारही तोच. वर्षभरानंतर त्याने शिडीवर ४ सांगितलं. त्याच्या विभागात आता नवी कुणकुण आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत जास्त सोसलं ते ठेकेदाराच्या पोरांनी, आणि या सगळ्या हिशोबात ती कुठेच नव्हती. ना पत्रात, ना ज्येष्ठता यादीत, ना गल्लीच्या चर्चेत. त्यांच्यातल्या अनेकांचा पगार एकवीस हजारांच्या आत होता, म्हणजे राज्य कामगार विम्याची कपात होत होती. त्या विम्यात तेव्हा अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती. बेकार झालेल्या विमाधारकाला ठरावीक अटींवर नव्वद दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या पन्नास टक्के मिळू शकत होते. मार्चमध्ये गेटवर कोणी एक कागद चिकटवला असता तरी काही जणांचा अर्ज झाला असता. युनियनने हे काम आपलं मानायला हवं होतं.

कारखान्याने लाइन हलवण्याचा निर्णय एका दिवसात घेतला नसणार. फेब्रुवारीत पाळी बंद करताना नुसतं 'ऑक्टोबरपर्यंत कोणाही कायम कामगाराला कमी करणार नाही' एवढं सांगितलं असतं, तरी सत्तर घरांचे आठ महिने वेगळे गेले असते. बातमी वाईट असेल तर लोक काम सोडतील, ही व्यवस्थापनाची भीती असते. इथे उलट झालं. चांगले कारागीर अफवेवरच निघून गेले आणि ज्यांना दुसरीकडे जाता येत नव्हतं ते दुखऱ्या बोटांनी मशीनवर उभे राहिले.

पत्र सप्टेंबरऐवजी एप्रिलमध्ये गेलं असतं तर? दोन गटांना एकत्र बसवायला कोणी तिसरा माणूस लागला, आणि तो त्यांच्यातलाच होता. अशा माणसाला आधी शोधणं, हा पुढच्या वेळी आमचा पहिला प्रयत्न राहील.

कायदाही आता बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कामगार कपातीसाठी सरकारच्या पूर्वपरवानगीची अट आधी शंभर कामगारांच्या कारखान्यांना होती, ती आता तीनशेवर गेली आहे. कमी केलेल्या कामगाराच्या खात्यात पुनर्कौशल्यासाठी पंधरा दिवसांचा पगार जमा करण्याची तरतूद मात्र नव्याने आली आहे. वर दिलेले हिशोब २०२३ चे आहेत. आज कोणी असा निर्णय घेत असेल तर कलमं आणि भविष्य निर्वाह निधीचे नियम नव्याने पाहून घ्यावेत, ग्रुपवर आलेल्या फोटोवर विसंबू नये.

भिशी चालू आहे. या वर्षीच्या पहिल्या तीन उचली अठराशे, सोळाशे आणि पंधराशे सोडून गेल्या.